कोटाच्या पाठीवरची घडी

मित्रांनो, ज्याला आज सगळे जुना म्हणतात, तोही कधीतरी दुकानाच्या काचेमागे ऐटीत उभा होता, आणि आपण जुने होऊ अशी शंकाही त्याच्या मनाला शिवली नव्हती. मी त्यातलाच. मी एक डीव्हीडी प्लेअर आहे. अंगाने चपटा, रंगाने चंदेरी, तोंड एकच आणि तेही आडवं. त्या तोंडातून जीभ बाहेर येते, तिच्यावर डिस्क ठेवली की मी ती गिळतो आणि टीव्हीवर चित्र दाखवतो. आत्मवृत्त सांगावं एवढं हे काम मोठं नाही, याची मला जाणीव आहे. पण हल्ली मला वेळ भरपूर असतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्या घातलेल्या बाया बसलेल्या असत. एकीने माझी मोटर बसवली, एकीने लेन्स, एकीने झाकण ठेवून स्क्रू पिळले. मग माझ्या तोंडात एक डिस्क घातली. तिच्यात रंगांचे उभे पट्टे होते, दुसरं काही नव्हतं. पट्टे नीट दिसले म्हणून मला पास केलं. ज्यांनी पास केलं त्यांनी माझ्यावर एकही सिनेमा पाहिला नाही. परीक्षा अशाच असतात, हे मला पुढे कळलं.

मला घरी आणलं ते काकांनी. काका चष्म्याच्या दुकानात काम करतात. भिंग घासायचं, फ्रेममध्ये बसवायचं आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून विचारायचं, "आता?" हा त्यांचा धंदा. ‘स्पष्ट दिसलं पाहिजे’ हे त्यांचं जीवनविषयक तत्त्वज्ञान. माझ्याआधी घरात टेप लावायचं यंत्र होतं. त्याच्या चित्रात मुंग्या यायच्या. मला जोडल्याबरोबर काका खुर्चीतून उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले.

"अगं, नटाच्या गालावर तीळ आहे!"

"बरं," काकू आतून म्हणाल्या.

"टेपवर नव्हता हा!"

"मग? जेवायला बोलावू त्याला?"

पहिले काही महिने माझं फार कौतुक झालं. शेजारी मला बघायला येत. सिनेमा सुरू झाला की मात्र ते आपापसांत बोलत. मग काकांना झोप अनावर व्हायला लागली, शेजाऱ्यांनी स्वतःचे प्लेअर घेतले, आणि माझ्यावर पहिली धूळ बसली. एवढ्यावरच माझी कहाणी संपायची. संपली नाही, ती काकूंमुळे.

काकू बायकांचे कपडे शिवतात. घराच्या मागच्या बाजूला त्यांची शिवणाची खोली आहे. खिडकीजवळ मशीन, मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल, भिंतीला लांब आरसा. काकांची थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. टेलिफोन खात्यात त्यांची सारी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात गेली, म्हणून निवृत्त झाल्यावर त्या स्वतः बोलतात. अक्कांना थिएटरात पाहिलेल्या एका सिनेमातला कोट आवडला आणि त्यांनी हुकूम सोडला: असाच पाहिजे, हुबेहूब.

तो प्रसंग असा. रेल्वे स्टेशन. राखाडी कोट घातलेली नायिका गाडीकडे पाठ फिरवते आणि चालू लागते. दोन पावलं. तेवढ्यात वाऱ्याने तिचा स्कार्फ उडतो आणि कोटाची पाठ दिसते. लगेच प्रसंग बदलतो.

काकूंनी मला आणि टीव्हीला उचलून शिवणाच्या खोलीत नेलं आणि त्या दुसऱ्या पावलावर माझं बटण दाबून चित्र थांबवलं. मग टीव्हीच्या काचेवर बटर पेपर ठेवला. मित्रांनो, तेव्हाच्या टीव्हीची काच फुगीर असे, आणि चालू टीव्हीच्या काचेत अशी काही वीज खेळत असे, की कागद आपण होऊन तिला चिकटे. काकूंनी पेन्सिलीने सगळा कोट त्या कागदावर उतरवून घेतला. कॉलर उतरली, बाह्या उतरल्या, मुंढा उतरला. अडलं ते पाठीशी. पाठीच्या मधोमध वरून खाली एक गडद रेघ होती आणि तिच्यावर दोन उजळ ठिपके. एक खांद्यांच्या जरा खाली, एक कमरेशी.

काकूंनी चित्र मोठं करायचं बटण दाबलं. मोठं करणं म्हणजे माझ्याकडे जे नाही तेच मोठं करून दाखवणं. रेघेचे चौकोन झाले. ठिपक्यांचेही झाले.

काकू स्टुलावर बसून बराच वेळ त्या चौकोनांकडे पाहत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "घडी आहे. आणि घडी फाटू नये म्हणून वरखाली रेशमी धाग्याचा त्रिकोणी टाका घातलाय. अगदी हुशार बाई दिसते शिवणारी."

त्यांनी तसं शिवलं. अक्कांनी कोट घातला, फळीवरचा डबा काढायला हात वर केला, आणि डबा तसाच वर धरून त्या उभ्या राहिल्या.

"अगं, हा ओढत नाहीये पाठीत!"

"सिनेमात आहे तसंच केलंय," काकू म्हणाल्या.

अक्कांनी ही बातमी टेलिफोनच्या वेगाने पसरवली. मग फळ्यावर उंच लिहिणाऱ्या शिक्षिका आल्या. बसच्या दांडीला लोंबकळणाऱ्या कंडक्टरबाई आल्या. वाचनालयात शिडीवर चढून पुस्तकं लावणाऱ्या बाई आल्या. प्रत्येकीला ‘तो सिनेमातला कोट’ हवा होता. त्यातल्या निम्म्यांनी तो सिनेमा पाहिलाही नव्हता. लोक त्या घडीला ‘काकूंची घडी’ म्हणू लागले, तेव्हा काकू संकोचून म्हणत, "माझं काही नाही हो त्यात. बघते आणि उतरवते."

पुढे इतर सिनेमेही आले. कुणाला कुठली बाही हवी, कुणाला कुठला गळा. मी दहा वर्षं त्या खोलीत काम केलं. बाकीच्या यंत्रांची किंमत ती चालतात म्हणून. माझी किंमत मी थांबतो म्हणून होती. एका जागी न हलता उभं राहण्याबद्दल इतका मान फक्त पुतळ्यांना मिळतो, आणि त्यांच्यावर पक्षी बसतात.

मग एके दिवशी नर्सबाई आल्या. सरकारी दवाखान्यातल्या, तरुण, पायात पांढरे बूट. कोटाचं माप द्यायला आल्या होत्या. काकूंनी मापाची टेप त्यांच्या पाठीला लावली आणि नेहमीप्रमाणे दोन टाचण्या ओठांत धरल्या.

"काकू, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"हं," काकू टाचण्यांसकट म्हणाल्या.

"तुमच्या कोटाला पाठीवर घडी असते ना, ती सिनेमात नाहीये."

काकूंनी टाचण्या ओठांतून काढल्या. "नाहीये म्हणजे?"

"नाक्यावरच्या टेलरने दुकानात मोठा टीव्ही लावलाय. त्याला ते नवीन ब्लू-रे जोडलंय. त्याच्यात सगळं स्वच्छ दिसतं म्हणे. तो सांगत होता, घडीबिडी काही नाही. पाठीवर दोन बटणं आहेत. स्टीलची."

"पाठीवर बटणं? कशात अडकवायला?"

"ते नाही सांगितलं त्याने."

"तू पाहिलंस स्वतः?"

"लांबून. मध्ये काउंटर होतं. पण चकचकीत होतं काहीतरी, दोन." नर्सबाई जरा घुटमळल्या. "काकू, माझं लग्न ठरलंय. आम्ही नोंदणी कचेरीत सही करणार, बाहेर पायऱ्यांवर फोटो काढणार, झालं. ना मांडव, ना पंगत. एक कोट तेवढा मनासारखा हवाय, हुबेहूब. पहिल्यांदा त्याच्याबरोबर पाहिलेला सिनेमा तो. शिवायचा तुमच्याकडेच आहे. पण खरं काय ते बघून सांगा मला."

"पुढच्या आठवड्यात ये," काकू म्हणाल्या. "पाठ मोकळी ठेवते तोवर."

त्या गेल्यावर काकूंनी मला चालू केलं आणि दुसऱ्या पावलावर थांबवलं. मी दाखवलं ते नेहमीचंच. एक रेघ, दोन ठिपके. मी कधी खोटं दाखवलेलं नाही, मित्रांनो. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं दाखवलं. पण त्या दिवशी काकू माझ्याकडे शिक्षकाने वर्गातल्या मुलाकडे बघावं तशा बघत होत्या, आणि पाठांतर चांगलं असलेल्या मुलाला जसं वाटतं तसं मला वाटलं.

प्रश्न एका कोटाचा नव्हता. काकूंचं सगळं नाव ‘हुबेहूब’ या एका शब्दावर उभं होतं. घडी चुकीची निघाली, तर गावात हिंडणाऱ्या त्या साऱ्या पाठी चुकीच्या निघणार होत्या, आणि हे गावाला नाक्यावरचा टेलर सांगणार होता.

संध्याकाळी बेतायच्या टेबलाभोवती सभा भरली. काका, काकू, आणि न बोलावता आलेल्या अक्का.

"मी कधीचा सांगतोय, नवीन घेऊ या," काका म्हणाले. "ब्लू-रे म्हणजे काय चीज आहे! माणसाच्या भुवया मोजता येतात."

"कुणाच्या मोजायच्यात तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"अगं, तुझ्याच कामाचं आहे. धागा न् धागा दिसेल. फक्त त्याला नवा टीव्ही लागतो. हा फुगीर चालत नाही."

"म्हणजे दात बसवायला गेलं की जबडा पण बदला," अक्का म्हणाल्या.

"आणि इंटरलॉक मशीन?" काकू म्हणाल्या. "ते घ्यायचं ठरलंय ना यंदा?"

"ते पुढच्या वर्षी. आणि ऐक ना, यात जुन्या डिस्कसुद्धा चालतात. वेगळा प्लेअर ठेवायलाच नको."

हे वाक्य मला लागलं. येणारा माणूस आपली जागा घेतो, हे समजू शकतो. तो आपलं कामही करून वर स्वतःचं करणार, हे जरा जास्त होतं.

"मी म्हणते, बघायचंच कशाला?" अक्का म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. माझा कोट दहा वर्षं चाललाय. त्याला त्या सिनेमातल्या बाईने येऊन काही विचारलं नाही."

"अक्का, माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. म्हणतात, चष्मा नको, जग असंच बरं दिसतं. आणि जिन्यावरून पडतात."

"आणि चष्मेवाले काय उडतात?"

"मला बघायचंय," काकू म्हणाल्या. "त्या मुलीला मी शब्द दिलाय. पण घडी चुकीची निघाली तर मी पुढे काय करू, ते आधी तुम्ही दोघांनी सांगा."

काकांनी चष्मा पुसला. अक्का टेबलावरचे चिंध्यांचे तुकडे रंगवार लावू लागल्या.

दुकानदार काकांच्या ओळखीचा होता. त्याच्या चष्म्याच्या काड्या काका फुकट घट्ट करून देत. त्याने नवा टीव्ही आणि नवा प्लेअर आठ दिवसांसाठी घरी नेऊ दिला. पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत. रविवारी सकाळी खोकी आली. मला तारांसकट काढून जमिनीवर, खोक्यांशेजारी ठेवलं. नवा माझ्यापेक्षा बारीक, काळा आणि अबोल होता. माझ्या मागे तीन तारा लागतात, लाल, पांढरी आणि पिवळी. त्याला एकच पुरते. घरात कमी मागणी करणाऱ्या नव्या माणसाचं फार कौतुक होतं.

काकांनी तोच सिनेमा नव्या डिस्कवर भाड्याने आणला होता. मी जमिनीवरून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगतो: चित्र अप्रतिम होतं. स्टेशनच्या भिंतीवरचे पोपडे दिसत होते. घड्याळात किती वाजलेत ते दिसत होतं. माझ्याकडे ते घड्याळ म्हणजे एक पांढरा वाटोळा डाग होता.

"अगं, ये तरी!" काका ओरडले.

काकू आल्या त्या हातात बटर पेपर घेऊन. सवय. त्यांनी कागद काचेवर ठेवला. नव्या टीव्हीला तो चिकटला नाही. घसरत घसरत खाली आला आणि माझ्या अंगावर पडला. काकूंनी तो उचलला नाही.

काकांनी दुसऱ्या पावलावर चित्र थांबवलं. स्कार्फ उडालेला. राखाडी पाठ. काकू पुढे वाकल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"नंबर बरोबर आहे तुझा," काका म्हणाले. "मागच्याच महिन्यात तपासलाय."

"पिना आहेत," काकू म्हणाल्या.

"काय?"

"सेफ्टी पिना. दोन. बाई बारीक आहे, कोट मोठा झालाय तिला. कुणीतरी मागून कापड चिमटीत धरलंय आणि वरखाली पिना मारल्यात. रेघ दिसते ती चुणी पडलीय त्याची." त्या आणखी जवळ गेल्या. "घाईत मारल्यात. खालची तिरकी आहे."

आम्ही सगळेच थांबलेलो: चित्र, काकू आणि मी.

"म्हणजे बटणं नाहीतच!" काका आनंदाने म्हणाले. "टेलर चुकला!"

"टेलरकडे बटणं फार, त्याला बटणं दिसली," काकू म्हणाल्या. "मला घडी दिसली. तो चुकला म्हणून मी बरोबर होते का?"

त्या उठून मशीनपाशी जाऊन बसल्या, पण मशीन चाललं नाही. रविवारची दुपार अशी गेली की खोलीत नव्या प्लेअरच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो मुळीच मोठा नव्हता.

चहाच्या वेळी काका खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या परत करतो मी हे. कुणाला सांगायची गरज नाही. शेवटी कोण बघतंय एवढं वाकून?"

"वा!" अक्का म्हणाल्या. "आता तुला अंधुक बरं वाटायला लागलं! आता कळलंय तर सांगून टाकावं सरळ. त्या पोरीला त्याच्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे."

दोघा भावंडांनी आपापली मतं अशी अदलाबदल करून घेतली, जणू रेनकोट चुकून एकमेकांचा नेलाय. काकूंनी दोघांकडे पाहिलं.

"तिला बोलवा," त्या म्हणाल्या. "हे इथेच असू दे. तिला दाखवते, मग ठरवू दे तिलाच."

नर्सबाई ड्युटी संपवून आल्या. काकूंनी काही प्रस्तावना केली नाही. चित्र थांबवलेलं होतं. त्यांनी पिनांवर पट्टीचं टोक ठेवलं. "ही एक. ही दुसरी. बटण नाही, घडी नाही. माझीही चूक, त्याचीही. आता तुला काय हवं ते सांग."

नर्सबाईंनी निरखून पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. त्या स्टुलावर बसल्या, मग स्टुलावरून उठल्या.

"काकू! अहो, आमच्याकडे ऑपरेशनचे गाऊन एकाच मापाचे येतात. मी रोज सकाळी डॉक्टरीणबाईंना अश्शाच पिना मारते पाठीत!"

"मग तुझ्या कोटालाही मारू?"

"हो," नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या. "हुबेहूब म्हटलं होतं ना मी?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी कच्च्या टाक्यांवर उभा केलेला राखाडी कोट आणला. पाठ मोकळी होती. त्यांनी तो नर्सबाईंना घातला, मागून कापड चिमटीत धरलं आणि सिनेमातल्यासारख्या दोन पिना मारल्या, खालची तिरकी. आरशात पाठ अगदी पडद्यावरच्यासारखी दिसत होती. नाक्यावरच्या टेलरलाही हे जमलं नसतं.

"हात वर कर. सलाइनची बाटली अडकवतेस तसा."

नर्सबाईंनी हात वर केला. कोट पाठीत ताणला आणि वरची पिन ताडकन उघडून काकूंच्या बोटात घुसली.

"आई गं!"

"दाखवा बघू." नर्सबाईंनी बोट दाबून धरलं. त्या आता कामावर असल्यासारख्या दिसत होत्या.

रक्त थांबल्यावर काकूंनी पिना काढल्या. मग त्याच मोकळ्या पाठीत त्यांनी आपली घडी घातली. कच्च्या टाक्यांनी, भरभर, चित्राकडे न बघता. दहा वर्षं त्या ही घडी माझ्याकडे मान वळवून वळवून घालत आल्या होत्या. त्या दिवशी मी जमिनीवर होतो आणि नव्याच्या पडद्यावर पिना होत्या. त्यांना बघायला काही नव्हतंच.

"आता कर वर. दोन्ही."

नर्सबाईंनी दोन्ही हात वर केले. घडी उघडली, कोट जागचा हलला नाही. हात खाली आले, घडी मिटली. त्यांनी परत केलं. मग वाकून बुटाची नाडी बांधली. मग आरशाकडे पाठ करून मान वळवून पाहिलं.

"ही बाई त्या कोटात दोन पावलं चालली, काकू," त्या म्हणाल्या. "मला त्यात जिना चढायचाय, सही करायचीय, आणि त्याची आई मला उचलूनच घेणार आहे, ती तशीच आहे. मला ही घडी द्या."

"सिनेमात नाहीये ही. परत म्हणशील."

"मग कुणाची आहे?"

काकूंनी धागा दाताने तोडला. "माझी असेल," त्या म्हणाल्या. दुकानात राहिलेल्या छत्रीबद्दल बोलावं तसं.

अक्का काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. टेलिफोन खात्यातल्या सगळ्या नोकरीत त्यांनी इतका चांगला कॉल कधी जोडला नसेल.

आठ दिवस संपत आले. दुकानदाराचा निरोप आला, ठेवताय की पाठवताय? काकांनी त्या आठवड्यात नव्यावर पाच सिनेमे पाहिले होते आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"फार स्पष्ट आहे गं," ते म्हणाले. "नट्यांच्या चेहऱ्यावरचा रंग दिसतो. एकाच्या टोपाची कड दिसली मला परवा. दमायला होतं."

"तुम्हाला हवा असेल तर ठेवा," काकू म्हणाल्या. "मला नकोय."

माझ्या अंगात, तार नसतानाही, काहीतरी फिरल्यासारखं झालं.

"मग जुना लावून देऊ परत?"

"तोही नको," काकू म्हणाल्या. "टेबलावरची जागा मोकळी करा. तिथे इंटरलॉक येऊ दे."

मित्रांनो, नव्या प्लेअरने मला हरवलं असतं तर मी समजू शकलो असतो. ती जगाची रीत आहे. टेपवालं यंत्रही माझ्यामुळेच गेलं. पण नवा खोक्यात बसून दुकानात परत गेला, स्पर्धा मी जिंकलो, आणि त्याच दुपारी माझी नोकरी गेली.

मी काही दिवस त्याच खोलीत कपाटावर होतो, म्हणून पुढचं सांगू शकतो. नर्सबाईंचा फोटो आला. कचेरीच्या पायऱ्या, राखाडी कोट, आणि एका दणकट बाईने त्यांना जमिनीपासून उचलून धरलेलं. कोट पाठीत ओढत नव्हता. मग एक गिऱ्हाईक आलं, टपाल वाटणाऱ्या बाई. हातात डिस्क. "यातला झगा पाहिजे, काकू. दाखवू का?"

"सिनेमा राहू दे," काकू म्हणाल्या. "तू दिवसभर काय करतेस ते सांग. पिशवी कुठल्या खांद्यावर असते?"

बाईंनी डावा खांदा दाखवला. काकूंनी कोरा बटर पेपर टेबलावर पसरला. मी वरून पाहत होतो. कागद टेबलाला चिकटला नाही, हलत राहिला, तेव्हा त्यांनी त्याच्यावर कात्री ठेवली आणि पेन्सिल हातात घेतली.

मला अक्का घेऊन गेल्या. त्यांनी माझ्याबरोबर तो फुगीर टीव्हीही नेला, आणि त्या सिनेमाची डिस्कही. त्या संध्याकाळी त्यांनी मला चालू केलं. स्टेशन आलं. नायिकेने पाठ फिरवली. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, स्कार्फ उडाला. मी सवयीने बटण दाबलं जाण्याची वाट पाहिली.

कुणी दाबलं नाही. प्रसंग बदलला.

दहा वर्षांत मी कितीदा तिथे थांबलो होतो, पण त्या पावलापुढे मला कुणी जाऊच दिलं नव्हतं. त्यानंतर तासभर सिनेमा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ती गाडी चुकवते. दुसऱ्या गावात एका शाळेत नोकरी धरते. एक म्हातारा मुख्याध्यापक तिला खूप हसवतो. अक्का अर्ध्यातच खुर्चीत झोपल्या, म्हणून शेवट मी एकट्यानेच पाहिला. शेवटी तिने दुसरा कोट घातलेला असतो. तो तिला नीट बसतो.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. डिस्क धरायची तर कडेने धरा, बोटांचे ठसे मला चित्रात दिसतात. पुसायची तर मधून बाहेरच्या बाजूला सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. नवं यंत्र घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. माझ्यापेक्षा ते जास्त दाखवतं, हे मी जमिनीवरून स्वतः पाहिलंय. पण घरातल्या जुन्या वस्तूला टाकण्याआधी एकदा शेवटपर्यंत चालू द्या. तिच्यात अजून काय आहे, ते बहुधा तिलाही ठाऊक नसतं.

आणि मग बंद करा. मला चालू ठेवून झोपी जाऊ नका. लेन्स तापते.